जर्मन शिकवणाऱ्यांची शंभर वर्षे

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या वडिलांसह मला भेटावयास आली. जर्मन भाषेच्या परीक्षा तिने एकामागून एक उत्तीर्ण केल्या होत्या आणि शहरातील एका खाजगी वर्गात शिकवण्याचे काम तिला देऊ करण्यात आले होते. मुलगी आनंदात होती. वडील मात्र चिंतेत. ते म्हणाले, "फादर, तासावर पैसे मिळणार म्हणतात. आज सगळीकडे जर्मनचे नाव आहे, पण दहा वर्षांनी काय? मुलीने यावर आयुष्य उभे करावे का?"

सेमिनरीत असताना ईशज्ञानाचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून मीही काही काळ 'डेर, डी, दास'शी झटापट केली होती. त्यापलीकडे माझा या भाषेशी संबंध नाही. म्हणून त्यांना लगेच उत्तर न देता मी थोडा अवधी मागून घेतला आणि परदेशांत जर्मन शिकवणाऱ्यांचा इतिहास वाचून काढला. त्या वाचनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. हा प्रश्न आज एकट्या त्या वडिलांचा राहिलेला नाही.

बायबलकथा शिकवल्याचा दंड

प्रारंभ अमेरिकेपासून करणे योग्य ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जर्मन ही सर्वांत लोकप्रिय आधुनिक परकीय भाषा होती. १९१५ साली माध्यमिक शाळांतील जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थी जर्मन शिकत होते. जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांच्या वसाहतींत चर्चच्या शाळा होत्या आणि तिथे मुले घरच्याच भाषेत प्रार्थना व धर्मशिक्षण शिकत. जर्मन शिक्षकाच्या नोकरीपेक्षा अधिक सुरक्षित नोकरी त्या काळी कोणती असेल, असेच कोणालाही वाटले असते.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि चित्र पालटले. जर्मन ही शत्रूची भाषा ठरली. अनेक राज्यांनी शाळांतून तिची हकालपट्टी केली. १९२२ पर्यंत जर्मन शिकणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा एकच्याही खाली आले. ज्यांनी आयुष्यभर हीच एक विद्या कमावली होती, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला की आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी कोणत्याही मुलाला, कोणत्याही शाळेत, इंग्रजीखेरीज अन्य आधुनिक भाषा शिकवू नये. हॅम्प्टन या लहानशा गावी ल्यूथरन चर्चच्या शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक होते. २५ मे १९२० रोजी ते एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचन शिकवीत होते. हाती पुस्तक होते बायबलमधील कथांचे. त्यांच्यावर खटला झाला व पंचवीस डॉलर दंड ठोठावण्यात आला. रक्कम लहान होती. तरीही मायर यांनी ती भरून प्रकरण मिटवले नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्यांची बाजू मांडणारे वकील आर्थर मलन हे कॅथलिक होते.

४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने निकाल मायर यांच्या बाजूने लागला. आपली विद्या शिकवणे हा शिक्षकाचा, आणि मुलांना ती शिकवण्यासाठी शिक्षक नेमणे हा आईवडिलांचा अधिकार संविधानातील स्वातंत्र्यातच सामावलेला आहे, असे न्यायालयाने मानले. ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळांतच घालण्याची सक्ती केली होती. तिच्याविरुद्ध एका कॅथलिक धर्मभगिनी संघाने दिलेल्या लढ्यात याच निकालाचा आधार मिळाला आणि दोनच वर्षांनी, १९२५ साली, ती सक्ती रद्द झाली. मिशनरी शाळांच्या हक्कांविषयी आपण आज जे बोलतो, त्यामागे एका जर्मन शिकवणाऱ्या खेडेगावातील मास्तराचा हट्ट आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

मायर जिंकले, पण अमेरिकेतील जर्मनचे पूर्वीचे स्थान परत आले नाही. न्यायालयाने शिकवण्याचा हक्क परत दिला, विद्यार्थी परत आणून देणे त्याच्या हाती नव्हते.

त्याच महायुद्धाची झळ आपल्याकडेही पोहोचली होती. १८५०च्या दशकापासून मुंबई-पुणे मिशन जर्मन येशूसंघीयांकडे होते. १८६९ साली सुरू झालेले मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांच्याच परिश्रमाचे फळ. युद्ध पेटताच हे धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले व पुढे मायदेशी पाठवण्यात आले. शिक्षक म्हणून केलेली वर्षानुवर्षांची सेवा त्यांच्या पारपत्रापुढे गौण ठरली.

शिक्षकांना शिकवणारी संस्था

युद्धात हरलेल्या जर्मनीत १९२५ साली दोन घटना घडल्या. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या आजच्या 'डाड' संस्थेचा पाया हायडेलबर्ग येथे घातला गेला आणि म्युनिकमध्ये जर्मन अकादमीची स्थापना झाली. १९३२ हे महाकवी गटे यांच्या निधनाचे शताब्दी वर्ष. त्या निमित्ताने अकादमीने आपल्या छत्राखाली 'गटे इन्स्टिट्यूट' उघडले. त्याचा हेतू मर्यादित आणि नेमका होता: परदेशांत जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकांना जर्मनीत आणून त्यांचे प्रशिक्षण करणे. भाषेचा प्रसार करायचा तर आधी तिचा शिक्षक घडवला पाहिजे, हे या मंडळींनी ओळखले होते.

पण पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. अकादमी हळूहळू प्रचाराचे साधन बनली. १९४१ साली हिटलरच्या फर्मानाने तिला सरकारी दर्जा मिळाला आणि व्यापलेल्या देशांत तिचे भाषावर्ग चालू लागले. ज्या राष्ट्राचे सैनिक रस्त्यावर बंदूक घेऊन उभे आहेत, त्याचीच भाषा वर्गात गोडीने शिकवायची, अशी ती स्थिती होती. १९४५ साली अमेरिकी प्रशासनाने अकादमी बरखास्त केली. तिथे मन लावून शिकवणारे प्रामाणिक शिक्षकही असतीलच. पण आपली विद्या कोणाच्या सेवेला लागते आहे, हा प्रश्न शिक्षकाला टाळता येत नाही, हे त्या बारा वर्षांनी दाखवून दिले.

९ ऑगस्ट १९५१ रोजी म्युनिकमध्येच गटे इन्स्टिट्यूट नव्याने स्थापन झाले. कामाचा आरंभ पुन्हा तोच: परदेशी जर्मन शिक्षकांचे प्रशिक्षण. १९५३ पासून बाड राइखेनहाल या डोंगराळ गावी भाषावर्ग सुरू झाले. पुढे मुर्नाऊ, कोखेल अशा लहान गावांतही ते भरू लागले. दोरा शुल्त्स व हाइन्त्स ग्रीसबाख यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक १९५५ साली निघाले आणि कित्येक देशांतील वर्गांत पोहोचले. तोवर बहुतेक ठिकाणी जर्मन शिकवणे म्हणजे व्याकरणाचे तक्ते पाठ करून घेणे आणि उताऱ्यांचे भाषांतर करणे, एवढाच अर्थ होता. मातृभाषा म्हणून जर्मन शिकवणे आणि परकीय भाषा म्हणून शिकवणे या दोन निराळ्या विद्या आहेत, ही जाणीव याच काळात दृढ झाली.

पूर्व जर्मनीतही समांतर काम चालू होते. लाइपझिग विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९५६ साली निघालेल्या संस्थेला १९६१ मध्ये हेर्डर यांचे नाव मिळाले. 'परकीय भाषा म्हणून जर्मन' या विषयाचे पहिले प्राध्यापकपद १९६९ साली गेरहार्ड हेल्बिग यांना तिथेच लाभले. म्युनिक विद्यापीठात हाराल्ड वाइनरिख यांनी या विषयाची संस्था उभारली ती १९७८ साली. काही दशकांपूर्वी पोटापाण्यासाठी करायचे काम समजले जाणारे हे शिक्षण आता विद्यापीठातील शास्त्र झाले.

भिंतीपलीकडचा संघ

या शिक्षकांनी आपली संघटना उभारली, हा मला या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा भाग वाटतो. १९६७ साली म्युनिकमध्ये जगभरच्या जर्मन शिक्षकांची परिषद भरली आणि १९६८ साली त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. वेगवेगळ्या देशांतील शिक्षकसंघटना त्याच्या सभासद झाल्या. तेव्हा शीतयुद्धाचा काळ होता, बर्लिनच्या मध्यातून भिंत गेलेली होती. तरीही या परिषदा भिंतीच्या दोन्ही बाजूंना भरत राहिल्या. १९८३ ची परिषद बुडापेस्टमध्ये झाली, १९८९ ची व्हिएन्नात. कोणाची जर्मन अधिक शुद्ध, बॉनची की बर्लिनची, या वादात न अडकता उद्या वर्गात काय शिकवायचे याची चर्चा होई.

याचे सुंदर फळ म्हणजे १९९० साली प्रसिद्ध झालेले 'एबीसीडी' प्रबंध. ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पूर्व जर्मनी या चार देशांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. चारही देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सांगितले की जर्मन ही कोणा एका राष्ट्राची मालमत्ता नव्हे. ती शिकवताना या सर्वांचे जीवन वर्गात आले पाहिजे. प्रबंध छापून झाले त्याच वर्षी त्या चारांपैकी एक देश नकाशावरून नाहीसा झाला. प्रबंध मात्र आजही शिक्षकप्रशिक्षणात अभ्यासले जातात.

१९८९ नंतर पूर्व युरोपात जर्मनची मोठी लाट आली. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया येथे रशियन भाषेची सक्ती उठली. पालकांना मुलांसाठी इंग्रजी आणि जर्मन हवी होती, पण शिक्षक कुठून आणायचे? मग वर्षानुवर्षे रशियन शिकवणाऱ्या हजारो शिक्षकांनी मध्यम वयात पुन्हा विद्यार्थी होऊन जर्मन वा इंग्रजी शिकायला घेतली. दिवसा वर्गात शिकवायचे, संध्याकाळी स्वतः बाकावर बसायचे. १९९० साली वॉर्सा व प्राग येथे गटे इन्स्टिट्यूट उघडली. शिक्षकांनी नोकरी न सोडता शिकावे म्हणून दूरशिक्षणाच्या पुस्तिकांची मालिका निघाली. आजची तिची वारसदार मालिका 'डॉइच लेरेन लेर्नेन' या नावाची आहे. अर्थ असा की, जर्मन शिकवायला शिकूया. तिच्यात शिक्षक केवळ वाचत नाही. स्वतःच्याच वर्गात एखादी लहानशी गोष्ट करून पाहतो, तिची नोंद ठेवतो आणि सहकाऱ्यांबरोबर तिची छाननी करतो.

सतत नव्याने शिकण्यावाचून गत्यंतर नाही, याला कारणही आहे. भाषांतर-व्याकरणाची पद्धत गेली, ध्वनिफितींवर वाक्ये घोकण्याची आली. तीही मागे पडली आणि १९७९ च्या 'डॉइच आक्टिव' सारख्या पुस्तकांबरोबर प्रत्यक्ष संभाषणावर भर देणारी पद्धत रूढ झाली. २००१ साली युरोप परिषदेने भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आखून दिल्या. आज आपली मुले 'माझे बी-१ झाले' असे म्हणतात ते त्याच मापाने. या प्रत्येक वळणावर जे शिक्षक शिकत राहिले ते टिकले.

खुद्द जर्मनीतही या व्यवसायाची कथा निर्विघ्न नाही. २००५ च्या स्थलांतर कायद्याने नवागतांसाठी सहाशे तासांचे भाषाशिक्षण असलेले वर्ग सुरू झाले आणि हजारो शिक्षकांना काम मिळाले. पण बहुतेकांना तासाच्या मानधनावर. आजारपणाची रजा वा निवृत्तीवेतन यांची तजवीज ज्याची त्याने करायची. २०१५ साली लाखो निर्वासित आले, शिक्षकांचा तुटवडा जाणवला, तेव्हा कुठे २०१६ मध्ये किमान मानधन ताशी २३ युरोंवरून ३५ युरोंवर गेले. गरज निकडीची होईपर्यंत शिक्षकाच्या कष्टाचे मोल वाढत नाही, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.

आपल्याकडील ओढा

महाराष्ट्रात जर्मन आली ती नोकरीसाठी नव्हे. येथील विद्वानांना तिच्याकडे नेले ते संस्कृतने. वेद, व्याकरण, महाभारत यांवरील मोलाचे संशोधन जर्मनमध्ये होते. ते वाचल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा १९२५ पासून भांडारकर संस्थेत वाहणारे डॉ. वि. स. सुखटणकर बर्लिनमध्ये शिकून आले होते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही विसाव्या दशकाच्या अखेरीस तिथेच संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर, १९५७ साली, कलकत्त्यात भारतातील पहिले मॅक्सम्युलर भवन उघडले. ऋग्वेद संपादणाऱ्या पंडिताचे नाव दिलेली ही गटे इन्स्टिट्यूटचीच शाखा. पुढे मुंबई-पुण्यालाही भवने आली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात संध्याकाळी भरणाऱ्या विद्यापीठाच्या वर्गांतून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी जर्मन शिकले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २०१४ साली जे घडले ते अधिकच खेदाचे वाटते. २०११ साली केंद्रीय विद्यालय संघटन व गटे इन्स्टिट्यूट यांच्यात करार होऊन सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन सुरू झाली होती. देशभर शेकडो विद्यालयांत सत्तर हजारांहून अधिक मुले ती शिकू लागली. अनेक तरुणांनी त्या भरवशावर शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले. परकीय भाषेला तिसऱ्या भाषेचे स्थान देणे त्रिभाषा सूत्रात बसत नाही, असा आक्षेप पुढे आला. त्यात तथ्य होते. परंतु ऑक्टोबर २०१४ मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, जर्मन बंद करून तिच्या जागी संस्कृत वा अन्य भारतीय भाषा देण्याचा निर्णय झाला. पालक न्यायालयात गेले. जर्मनीच्या चॅन्सलर मर्केल यांनी ब्रिस्बेन येथील परिषदेत पंतप्रधानांपाशी हा विषय काढला. २०१५ मध्ये नवी व्यवस्था ठरली आणि जर्मनला ऐच्छिक, अतिरिक्त विषयाची जागा मिळाली. ज्या संस्कृतने मराठी विद्वानांना जर्मनच्या दाराशी नेले, तिलाच जर्मनची प्रतिस्पर्धी म्हणून उभे करण्यात आले. या साऱ्या वादात वर्तमानपत्रांनी भाषांविषयी भरभरून लिहिले, शिक्षकांविषयी फार थोडे.

आज पुन्हा लाट आली आहे. जर्मनीत वृद्धांची संख्या वाढते आहे, काम करणारे हात कमी पडत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. दहा हजार तरुणांना तिकडे पाठवण्याचे उद्दिष्ट ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतातील कुशल कामगारांसाठी वार्षिक व्हिसांची मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. परिचारिका असो वा इलेक्ट्रिशियन, भाषेवाचून दार उघडत नाही. साहजिकच शिक्षकांची मागणी वाढली आहे. गल्लोगल्ली वर्ग निघाले आहेत. स्वतः बी-१ झालेला तरुण ए-१ शिकवू लागलेला दिसतो.

येथे केरळच्या भगिनींची आठवण ठेवावी. १९६० च्या दशकात चर्चच्या मध्यस्थीने कितीतरी केरळी तरुणी पश्चिम जर्मनीच्या रुग्णालयांत परिचर्येसाठी गेल्या. अनेकींनी भाषा शिकली ती रुग्णांच्या उशापाशी, चुका करीत. आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गरज ओसरली असे ठरताच कित्येकींना परवाने वाढवून मिळाले नाहीत. आज जाणाऱ्या मुलामुलींना चांगला शिक्षक मिळाला तर त्यांच्या वाट्याची निम्मी असहायता टळेल. आपल्या करारात काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येते, त्याला फसवणे अवघड जाते. म्हणून जर्मन शिक्षकाची आजची जबाबदारी परीक्षेच्या निकालापुरती नाही. अर्धवट शिकवणाऱ्याची चूक परदेशातील एकट्या मुलीला भोगावी लागते.

पुढच्या भेटीत मी त्या वडिलांना हे सारे थोडक्यात सांगितले. मागणीवर आयुष्य उभे करू नये, कारण ती सरकारांच्या इच्छेने येते आणि जाते. १९१७ साली गेली, १९९० साली आली, २०१४ साली एका बैठकीत डळमळली. पण विद्येवर आयुष्य उभे करता येते. मुलीला मी तीन गोष्टी सुचवल्या. एक, बी-२ वर न थांबता सी-१ गाठावे आणि मगच वरच्या वर्गांना हात घालावा. दोन, भाषा येणे आणि शिकवता येणे यांत अंतर आहे. शिक्षकप्रशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा करावा आणि शक्य झाले तर विद्यापीठाची पदवी घ्यावी. तीन, एकटीने राहू नये. आपल्यासारखेच शिकवणाऱ्यांत मिसळावे, त्यांच्या वर्गात जाऊन बसावे, आपल्या वर्गात त्यांना बोलवावे. तासाचे मानधन ठरवतानाही एकट्या शिक्षकापेक्षा संघाचा शब्द अधिक ऐकला जातो.

वडिलांनी विचारले, "आणि लाट ओसरली तर?"

मी त्यांना पोलंडच्या त्या रशियन शिक्षकांची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांचा विषय गेला, पण शिकवण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती, आणि पन्नाशीत पुन्हा बाकावर बसण्याची तयारी होती. नव्या भाषेचा वर्ग त्यांनीच उभा केला.

मुलगी आता सकाळी वर्ग घेते आणि संध्याकाळी स्वतःच्या सी-१ चा अभ्यास करते. गेल्या रविवारी तिने विचारले, परिचारिका होऊन जर्मनीला निघालेल्या धर्मग्रामातील चार मुलींना दुपारी शाळेची एक खोली मिळेल का? मी किल्ली तिच्या हाती दिली.